‘कफ’ म्हणजे फुगा, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही

महाराष्ट्रातल्या अतिदक्षता विभागांचे प्रमुख डॉक्टर, तिथल्या सिस्टर आणि ब्रदर, आणि रुग्णालयं चालवणारे विश्वस्त व संचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बार्शी तालुक्यातल्या एका गावात राहते. माझ्या वडिलांना, आण्णांना, गेल्या वर्षी मार्चमध्ये पक्षाघाताचा मोठा झटका आला. शहरातल्या एका रुग्णालयात ते २६ दिवस अतिदक्षता विभागात होते. तोंडातून घातलेली व्हेंटिलेटरची नळी फार दिवस ठेवता येत नाही आणि त्यांना गिळता-खोकता येत नव्हतं, म्हणून ११व्या दिवशी गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवली. तुम्ही ज्याला ट्रॅकिओस्टॉमी म्हणता ती. आण्णा वाचले ते त्या रुग्णालयातल्या माणसांमुळेच, आणि हे आमच्या घरात कुणी विसरणार नाही. हे पत्र त्यानंतरच्या सहा दिवसांबद्दल आहे. ते सहा दिवस आण्णा घरी होते, आणि त्या सहा दिवसांत आम्ही आमच्या हातांनी त्यांची श्वासनलिका सोलून काढली.

सुट्टी मिळाली त्या दिवशी बाहेर अॅम्ब्युलन्स सुरू होती आणि आत खाटेसाठी दुसरा पेशंट थांबला होता. इंग्रजीतलं डिस्चार्ज कार्ड माझ्या हातात दिलं. ब्रदरने एकदा सक्शन, म्हणजे नळीतला स्राव मशीनने ओढून काढणं, करून दाखवलं, माझ्या भावाने त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला. स्ट्रेचर ढकलता ढकलता ब्रदर म्हणाले, “सक्शन करत राहा. कफ चेक करत जा, जास्त वाटला तर कमी करा. ताप आला तर घेऊन या.” मी ते औषधांच्या बिलाच्या पाठीमागे लिहून घेतलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: कफ जास्त वाटला तर कमी करणे.

आता मला सांगा, मराठी माणूस ‘कफ’ म्हटल्यावर काय समजेल? छातीतला कफ. आम्हीही तेच समजलो. नळीतून जरा घरघर ऐकू आली की कफ झाला म्हणायचं आणि सक्शनची कॅथेटर, म्हणजे मशीनला जोडलेली बारीक नळी, आत घालायची. दिवसाला तीस-चाळीस वेळा. रात्री मी आणि भाऊ आळीपाळीने जागायचो आणि ज्याची पाळी त्याने जास्तीत जास्त कफ काढला की आपण आण्णांची सेवा केली असं वाटायचं.

ब्रदर ज्या कफबद्दल बोलत होते तो म्हणजे नळीच्या आतल्या टोकाभोवती असलेला हवेचा फुगा. हवा बाजूने निसटू नये आणि तोंडातली लाळ खाली जाऊ नये म्हणून तो फुगवतात. त्याला जोडलेला एक छोटा फुगा गळ्याबाहेर लोंबत असतो, भुईमुगाच्या शेंगेएवढा, त्यावरून आतल्या फुग्यात किती हवा आहे ते कळतं. आण्णांच्या छातीवर तो लोंबताना आम्ही रोज बघत होतो. तो कशासाठी आहे हे घरात एकालाही माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी नळीच्या कडेने फुसफुस आवाज यायला लागला तेव्हा गावातल्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला बोलावलं. त्याने दहा मिलीच्या सिरिंजने त्यात हवा भरली. आवाज थांबेपर्यंत भरली. बोटाने दाबला तर फुगा सुपारीसारखा टणक लागला. आवाज थांबला म्हणून आम्ही त्याचे आभार मानले, चहा दिला.

चौथ्या दिवशी कॅथेटरमध्ये रक्ताच्या रेघा आल्या. पाचव्या दिवशी वाळलेल्या डिंकासारखी एक खपली निघाली, बोटाच्या पेराएवढी. सहाव्या दिवशी १०२ ताप, हिरवट घट्ट बेडका, त्याला एक विचित्र गोडसर वास, आणि श्वास इतका जोरात की बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. आम्ही पुन्हा शहराकडे निघालो, या वेळी दुसऱ्या रुग्णालयात.

तिथल्या डॉक्टरांनी नळीतून बारीक दुर्बीण घातली आणि मला पडद्याजवळ बोलावलं. श्वासनलिका आतून फिकट गुलाबी, ओलसर, चमकदार असते, असं ते म्हणाले. आण्णांची लालभडक होती. फुगा जिथे टेकला होता तिथे कातडं गेल्यासारखा कच्चा पट्टा. त्याच्या खाली दोन-तीन ओरखडे, कॅथेटरचं टोक रोज जिथे आपटत होतं तिथे. भिंतीला पिवळ्या खपल्या चिकटलेल्या. श्वासनलिकेला दाह आहे आणि वर जंतुसंसर्ग झालाय, असं निदान झालं. मग त्यांनी मला एकेक प्रश्न विचारला. मशीनचा काटा कितीवर ठेवता? कॅथेटर आत किती घालता? पाणी कुठलं? खोलीत धूर असतो का? तोंड कोण साफ करतं? मी उत्तर देत गेले आणि प्रत्येक उत्तरासरशी मला कळत गेलं की आण्णांच्या गळ्यात जे झालंय त्याचं एकेक कारण आमच्या घरातच आहे.

ती कारणं मी इथे सविस्तर लिहिणार आहे. तुम्हाला ती पाठ असतील. पण ती आम्हाला माहीत नसतात, आणि सुट्टी देताना तुम्ही बहुधा हे गृहीत धरता की थोडीफार माहीत असतील.

एरवी धडधाकट माणसाची श्वासनलिका सुजते ती बहुतेक वेळा सर्दी-फ्लूच्या विषाणूंमुळे. चार-आठ दिवस खोकून ती आपोआप बरी होते. जेमतेम १० ते १२ सेंटिमीटर लांबीची ती नळी, पण तिची राखण मोठी आहे. नाक हवा गाळतं, गरम करतं, ओली करतं. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केस असतात, ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा वरच्या दिशेने हलत राहतात आणि धूळ-जंतू अडकलेला चिकट थर घशाकडे ढकलतात. त्यातूनही काही खाली गेलं तर खोकला आहे. गळ्याला छिद्र पडलं की यातलं नाक पहिल्याच दिवशी बाद होतं. बाहेरची कोरडी हवा थेट आत जाते, थर वाळतो, केस हलायचे थांबतात, खपल्या धरतात, आणि त्या खपल्यांखाली जंतू घर करतात.

तुमच्या विभागात यंत्राला पाणी जोडलेलं होतं, हवा ओली होऊन जात होती. आमच्या घरी एप्रिल महिना होता. सोलापूर जिल्ह्यातला एप्रिल, दुपारी बाहेर ४२ अंश, आणि वर पंखा सरळ आण्णांच्या गळ्यावर. त्यांना गार वाटावं म्हणून. नळीच्या तोंडावर बसवायचा एक छोटा फिल्टर मिळतो, सोडलेल्या श्वासातला ओलावा धरून ठेवणारा, त्याला कृत्रिम नाकच म्हणतात. तो आमच्याकडे नव्हता. तो नसेल तर निदान स्वच्छ ओल्या गॉजची पट्टी नळीसमोर बांधावी आणि वाफारा द्यावा, एवढंही आम्हाला माहीत नव्हतं.

घामोळं येऊ नये म्हणून आई त्यांच्या गळ्याला पावडर लावत होती. रोज आंघोळ घातली की लावायची. ती पावडर कुठे जात होती हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आई तोंडाला पदर लावून बसली. देवघर त्याच खोलीत, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ उदबत्ती, गुरुवारी धूप. अंगणात आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटायचा, त्याचा धूर खिडकीतून आत. आमच्या भागात हंगाम संपला की उसाचं पाचट जाळतात, ती काळी राख उडत घरात येते. नाकातून श्वास घेणाऱ्या माणसाला याचा त्रास होतोच, पण आण्णांच्या बाबतीत वाटेत नाक नव्हतंच. भेटायला येणारी माणसं तर विचारूच नका. दिवसाला दहा-बारा. त्यात खोकणारे, शिंकणारे, नातवंडं. ‘येऊ नका’ म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही आणि म्हणावं असं आम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं.

आता पाण्याबद्दल. सक्शन झालं की कॅथेटर आम्ही स्टीलच्या पेल्यात बुडवून ठेवायचो. पेल्यातलं पाणी सकाळी भरलेलं, ते दुसऱ्या सकाळी बदलायचं. नळाचं पाणी. तीच कॅथेटर दिवसभर. दुसऱ्या रुग्णालयातल्या सिस्टरनी “पाणी कधी बदलता?” विचारलं तेव्हा मी अभिमानाने म्हटलं, “रोज.” तपासणीत स्यूडोमोनास नावाचे जंतू निघाले. ओल्या जागी, मोरीत, नळ्यांत, साचलेल्या पाण्यात वाढणारे. हिरवट रंग आणि तो गोडसर वास त्यांचाच. सक्शन मशीनची बरणीही आम्ही अर्धी भरेपर्यंत ओतत नव्हतो.

मशीन भाड्याने आणलेलं. त्याचं बटण शेवटपर्यंत पिळलेलं होतं, कारण जास्त ओढ म्हणजे जास्त सफाई असं आमचं गणित. मोठ्या माणसाला काटा १०० ते १२० च्या (मिलिमीटर पारा) आसपास पुरतो, जास्तीत जास्त १५०. आमचा काटा ४०० च्या पुढे असायचा. कॅथेटर आत घालतानाच ओढ सुरू ठेवायचो, आत टेकेपर्यंत ढकलायचो, आणि आण्णा तोंड वेडंवाकडं करून थरथरले की वाटायचं कफ सुटतोय. खरं तर ओढ न देता आत जायचं, नळीच्या टोकाच्या जरासं पुढे थांबायचं, ओढ फक्त बाहेर येताना द्यायची, आणि हे सगळं दहा-पंधरा सेकंदांत. गरज असेल तेव्हाच. प्रत्येक फेरीत आतलं नाजूक अस्तर खरवडलं जातं, ते सुजतं, सुजलं की जास्त स्राव येतो, स्राव आला की आम्ही पुन्हा सक्शन करायचो. सहा दिवस आम्ही त्या चक्रात होतो.

आणि फुगा. आतल्या फुग्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका असावा लागतो. त्याहून कमी असला तर तोंडातली लाळ जंतू घेऊन खाली झिरपते. जास्त असला तर श्वासनलिकेच्या अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोचत नाही, जखम होते, आणि पुढे जाऊन ती जागा आखडून नळी कायमची अरुंद होऊ शकते. हा दाब मोजायचं एक घड्याळासारखं उपकरण असतं. ते तुमच्याकडे असतं. आमच्या कंपाउंडरकडे सिरिंज होती.

तोंडाचं तर कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आण्णा तोंडाने काही खात नव्हते, नाकातल्या नळीतून पेज जायची, म्हणून दात घासायचे कशाला असं आम्हाला वाटलं. सहा दिवस तोंड नुसतं पुसलं. तोंडातले जंतू फुग्यावर साचून खाली उतरत होते. आणि एक गोष्ट आईने खूप उशिरा कबूल केली. ती रोज पहाटे, आम्ही झोपलेलो असताना, त्यांच्या जिभेवर दोन चमचे चहा सोडत होती. चाळीस वर्षं त्यांचा पहिला चहा तिने केला होता. तो चहा कुठे जात होता हे तिला सांगायचं काम माझ्यावर आलं. ते काम खरं तर सुट्टीच्या आधी, तुमच्यापैकी कुणीतरी तिला जवळ बसवून करायला हवं होतं. तिने ऐकलं असतं.

दुसऱ्या रुग्णालयात एक वयस्कर सिस्टर होत्या. त्यांनी दोन दुपारी, ड्यूटी संपल्यावर, मला आणि भावाला शिकवलं. एक जुनी नळी आणली, प्लास्टिकच्या बाटलीला भोक पाडून त्यात बसवली आणि म्हणाल्या, “कर.” मी चुकले की हात धरून परत करायला लावायच्या. दहाव्या वेळी माझा हात थरथरायचा थांबला. मग त्यांनी आण्णांवर करायला दिलं, शेजारी उभ्या राहून. आतली नळी काढून कशी धुवायची, गळ्याचा पट्टा किती सैल (एक बोट जाईल इतका), गॉज कापून का लावायचा नाही, कारण त्याचे धागे आत ओढले जातात. सुरुवातीलाच त्यांनी सांगितलं, “हा कफ म्हणजे खोकल्याचा कफ नव्हे हं. याला आपण फुगा म्हणू.” चार तासांत झालं हे सगळं. त्यानंतर आण्णा साडेतीन महिने घरी नळीवर होते. एकदाही तसा ताप आला नाही.

अतिदक्षता विभागांचा जन्म कसा झाला हे मी तेव्हा वाचलं. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू गेलेली मुलं पटापट दगावत होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून घेतलं, फुगा असलेली नळी बसवली आणि हाताने पिशवी दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. मग सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पेशंटच्या उशाशी बसून त्या पिशव्या दाबत राहिले. ते शिकाऊ होते. त्यांना हे काम आधी येत नव्हतं, त्यांना ते दाखवलं गेलं आणि त्यांनी ते केलं. हे वाचल्यावर मला आमच्या सिस्टर आणि ती बाटली आठवली.

तुमच्यावरचा भार मला दिसत नाही असं नाही. २६ दिवस मी त्या काचेबाहेर बसले आहे. एका सिस्टरकडे किती पेशंट असायचे, त्या डबा किती वाजता उघडायच्या हे मी पाहिलंय. खाट रिकामी व्हावी म्हणून बाहेर कुणाची तरी आई थांबलेली असते हेही मला कळतं. पण सहाव्या दिवशी आण्णा पुन्हा अतिदक्षता विभागातच गेले, नऊ दिवस. म्हणजे खाट काही वाचली नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे. गळ्यात नळी असलेल्या पेशंटला घरी सोडायचं ठरलं की निदान तीन दिवस आधी घरातली दोन माणसं बोलवा आणि त्यांच्याकडून सक्शन करवून घ्या, नुसतं दाखवू नका. व्हिडिओत हाताचा जोर दिसत नाही. घरच्यांना जमलं नाही तर पेशंटची सुट्टी एक दिवस पुढे ढकला. सूचना मराठीत लिहून द्या, मोठ्या अक्षरात, चित्रं काढून, आणि त्यात ‘कफ’ हा शब्द घालू नका. ‘फुगा’ लिहा. फुग्यात किती हवा, ती कुणी आणि कधी मोजायची हेही. घरात बसून हे मोजता येत नसेल तर जवळच्या कुठल्या दवाखान्यात ते होईल ते तुम्ही शोधून सांगा, कारण आम्ही शोधलं तर आम्हाला सिरिंजवाला सापडतो. त्याच मापाची एक जास्तीची नळी आणि एक माप लहान नळी उशाशी ठेवायला सांगा. वीज गेली की मशीन बंद पडतं, आमच्याकडे ती रोज जाते, म्हणून पायाने चालणारं सक्शन मिळतं हेही सांगा. आम्हाला ते तिसऱ्या महिन्यात कळलं.

बेडक्याच्या तपासणीबद्दलही बोला. नळी असलेल्या जवळपास प्रत्येक पेशंटच्या स्रावात काही दिवसांनी जंतू सापडतातच, आणि नुसते सापडले म्हणून प्रतिजैविकं द्यायची नसतात. ताप, वाढलेला घट्ट रंगीत स्राव, ऑक्सिजन कमी होणं, दम लागणं अशी लक्षणं असतील तर द्यायची. हे मला दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं. नाहीतर दर पंधरा दिवसांनी रिपोर्ट घेऊन मी कुणाच्या तरी दारात उभी राहिले असते आणि प्रत्येकाने वरचढ इंजेक्शन लिहून दिलं असतं. औषधं न चालणारे जंतू घरातल्या घरात तयार झाले असते.

आणि नळी काढायची तारीख द्या. निदान ती कधी तपासायची याची तारीख. माझ्या ओळखीत आता अशा नळीवरची तीन घरं आहेत. त्यातल्या एका मावशींना दीड वर्ष झालं, खोकला जोरात येतो, गिळता येतं, आणि नळी अजून आहे, कारण ‘काढून घ्यायला या’ असं कुणी म्हटलंच नाही. नळी आहे तोवर दाह आहे, संसर्गाची भीती आहे. आण्णांच्या बाबतीत सिस्टरनी कार्डावर स्वतः लिहिलं होतं: सहा आठवड्यांनी दाखवणे, फुगा सोडून बघणे, गिळणं तपासणे. त्या एका ओळीमुळे आम्ही वेळेवर गेलो. आधी फुगा रिकामा ठेवला, मग काही दिवस नळीला झाकण, आणि ऑगस्टमध्ये नळी निघाली. छिद्र दोन आठवड्यांत आपोआप भरून आलं. आवाज घोगरा आहे, उजवा हात अजून उचलत नाही. पहिला चहा मात्र ते आता बसून पितात, हनुवटी खाली करून, सांगितलंय तसा.

सिस्टरनी शिकवलेलं सगळं मी एका वहीत उतरवलं आहे. नऊ पानं झाली. चित्रं माझ्या मुलाने काढली आहेत, तो आठवीत आहे. सिस्टरनी आणि त्या डॉक्टरांनी ती पानं तपासून दोन चुका दुरुस्त केल्या. कुठल्याही रुग्णालयाला ती हवी असतील तर घ्या, बदल करा, तुमच्या नावाने छापा. पहिल्या पानावर फुग्याचं चित्र आहे, तेवढं पहिल्याच पानावर राहू द्या.

आपली नम्र,
आण्णांची मुलगी